रेषांची मोकळी टोके
(केंद्र संमेलनातील भाषण)



फळ्यावर तळे काढताना काठाच्या रेषेत बोटभर फट राहिली, तरी आपला निळा खडू ती सांभाळून घेतो. संगणक सांभाळून घेत नाही. गेल्या पावसाळ्यात स्वाध्यायपत्रिकेसाठी मी ‘इंकस्केप’ या विनामूल्य प्रणालीत एका गावतळ्याचा नकाशा काढला. काठ काढताना हात दोनदा उचलला गेला व रेषेचे तीन तुकडे झाले. रंग भरला, तो काठालगत तिन्ही बाजूंस उमटला. मध्ये पांढरा त्रिकोण उरला. घाईत तो तसाच छापून गेला. चौथीतील एका मुलीने विचारले, “साहेब, आमच्या तळ्यात बेट कधी झालं?” नकाशा चुकीचा होता आणि तो मीच तिच्या हाती दिला होता.

असे का व्हावे? उघड्या रेषेत रंग भरण्यास सांगितले, की ही प्रणाली तिच्या दोन टोकांमध्ये एक अदृश्य दोरी ताणते आणि धनुष्य व दोरी यांमधील जागा रंगविते. तीन तुकडे म्हणजे तीन धनुष्ये; तिन्ही दोऱ्यांमधील जागा कोणाचीच नव्हे.

टोके एकमेकांवर टेकलेली दिसली, म्हणजे ती जोडलेली असतातच असे नाही. डोळ्यांवर विसंबू नये. रेषेच्या आरंभास व अंतास ठिपक्याची खूण देण्याची सोय रेषेच्या गुणधर्मांत आहे. ती खूण द्यावी. बंद रेषेत दोन्ही ठिपके एकाच जागी येतात. माझ्या तळ्यावर ते तीन जागी दिसले, म्हणजे तीनही सांधे मोकळे होते. ज्यांना खोलात जाण्याची हौस आहे, त्यांनी आकृतीचा मूळ मजकूर उघडून पाहावा. बंद रेषेच्या वर्णनाअखेर ‘झेड’ हे अक्षर असते.

आता जोडणी. तिन्ही तुकडे निवडून ‘कंट्रोल’ व ‘के’ या कळांनी प्रथम एकत्र करावेत. एवढ्याने फट बुजत नाही. तुकडे एका दाव्याला बांधले जातात इतकेच. मग ‘एफ २’ ही कळ दाबून नोडचे साधन घ्यावे, चित्र पुष्कळ मोठे करावे आणि सांध्याभोवती चौकट ओढून दोन्ही टोके निवडावीत. किती नोड निवडले गेले, हे तळपट्टीवर दिसते. तेथे दोनच हवेत. त्यानंतर ‘शिफ्ट’ व ‘जे’. दोन नोडांचा एक होतो.

येथे एक सावधगिरी हवी. या जोडणीत दोन्ही टोके सहसा मध्यावर ओढली जातात. फट केसाएवढी असेल, तर चिंता नाही. मोठी असेल, तर काठच सरकेल. तेथे दोन टोकांमध्ये नवा रेषाखंड घालणारे बटण वापरावे. काही जण रंगाचा दुसरा आकार खाली सरकवून पांढरा भाग झाकतात. मला ते पसंत नाही. पुढे काठ बदलावा लागला, की खालचा आकार उघडा पडतो.

पहिला सांधा जुळताच मधला त्रिकोण निळा झाला. सुधारलेला नकाशा त्या शाळेत पाठविला असून, जुन्या प्रती परत मागविल्या आहेत.