कंठी गीता, हाती जाते



साताऱ्याकडून येणारी कृष्णामाई सांगलीचा घाट ओलांडून पुढे जाते. तिच्या काठी गीतापाठांतर नवे नाही. बाराव्या व पंधराव्या अध्यायांत प्रत्येकी २० श्लोक. बालस्पर्धकाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. परीक्षकांनी एक चरण उच्चारावा, पुढचा मुलाने धरावा. कधी तो आठवत नाही आणि डोळ्यांत पाणी तरळते.

अशा वेळी सातारा जिल्ह्यातील वाईचे स्मरण करावे. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे तेथे नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययनासाठी राहिले. त्यांनी विद्यार्थ्यांना विनामूल्य गीता शिकवली आणि त्यांच्यासह जात्यावर धान्यही दळले. दळणाचे पैसे वाचनालयाला दिले. मुखातील गीता अशी हातांत उतरली.

अखेरच्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, ‘पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे ते कर.’ केवळ घोकंपट्टीने हा विवेक येत नाही. मात्र कंठस्थ श्लोक संकटकाळी विचाराला सोबत करतो.

पालकहो, पारितोषिक एकालाच मिळते. चरण विसरलेल्या मुलालाही घरी जवळ घ्या, तोच श्लोक त्याच्यासह म्हणा. गीता त्याचीही आहे.