पाय कापण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न
(भाषणाचा मजकूर)



तंबाखू, विडी, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे पायाच्या रोहिण्यांत थर साचतो. मग चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की उतरतो. ‘वय झाले’ म्हणून आपण सोडून देतो. पुढे रात्री पडल्या-पडल्या पाऊल ठणकते, बोटाची जखम भरत नाही, बोट काळे पडते. आणि शेवटी कानी येते, पाय कापावा लागेल.

१९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे ८२ वर्षांच्या एका बाईंनी या सल्ल्याला नकार दिला. डॉ. चार्ल्स डॉटर यांनी त्यांच्या मांडीतील अरुंद रोहिणीतून नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय वाचला. १९७४ साली झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी अशा नळीला फुगा जोडून पायाची रोहिणी उघडली. हृदयासाठी तो फुगा वापरला गेला १९७७ साली, म्हणजे नंतर!

गुडघ्याखालच्या रोहिण्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंद असतात. बहुधा जांघेची जागा बधिर करून तेथून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात. तारेवरून मिटलेला फुगा सरकवून फुगवतात, थर बाजूला दाबला जातो आणि फुगा काढून घेतात.

हा कायमचा इलाज मात्र नव्हे. रोहिणी पुन्हा अरुंद होऊ शकते. काहींना बायपास अधिक योग्य ठरते. २०२२ व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. म्हणून निर्णय रुग्णागणिक घ्यावा लागतो. संसर्ग पसरला असेल, तर जीव वाचविण्यासाठी पाय कापावा लागू शकतो.

पण तशी घाई नसेल तेव्हा नम्रपणे विचारा, “डॉक्टरसाहेब, रक्तपुरवठा तपासला का?” घोट्याचा रक्तदाब हाताच्या दाबाने भागतात. उत्तर ०.९० किंवा कमी आले, तर रोहिणीत अडथळा समजावा. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवू शकतो. तेव्हा डॉपलर तपासणी करावी. खर्चाची चिंता असल्यास रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे शासकीय योजनेची चौकशी करावी.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांची पावले उजेडात पाहा. जखम दिसली तर दवाखान्यात न्या, आणि विडी व मिश्री सोडावयाचा आग्रह धरा.