खाणकायदा आणि स्त्री-कामगार
(काला अंब, पानिपत येथे मराठी कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



काला अंबच्या या स्मारकापाशी १४ जानेवारी १७६१ ची लढाई सर्वांना आठवते. फौजेबरोबर इथवर आलेल्या स्त्रिया मात्र ‘बुणगे’ या एका शब्दात गडप होतात. खाणीतील स्त्रीची गत याहून फारशी वेगळी नाही. गरज पडली की तिला मोजायचे, सरली की वगळायचे.

१९२९ च्या नियमांनी स्त्रियांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढले. ते काम अमानुष होते, यात वाद नाही. पण वर आलेल्या बाईच्या पोटाचे काय, हा प्रश्न नियमांत नव्हता. महायुद्धात कोळसा कमी पडताच १९४३ मध्ये मध्यप्रांत, बंगाल, बिहारमध्ये तीच बंदी उठली! फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयाचे समर्थन करताना मजूर खात्याचे प्रमुख डॉ. आंबेडकर यांना समान कामास समान वेतनाच्या अटीचा आधार घ्यावा लागला. १९४६ मध्ये बंदी परतली. १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने ती कायम केली आणि जमिनीवरही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच मुभा ठेवली.

२९ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने भूमिगत काम पुन्हा खुले झाले, पण केवळ तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय पदांसाठी. अभियंता भगिनींच्या या हक्काचे आपण स्वागतच करतो. पाट्या वाहणारी बाई मात्र दाराबाहेरच राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेने सर्व कामे स्त्रियांना खुली केली; रात्रपाळीस तिची संमती हवी. ठेकेदाराकडील रोजंदार बाईची संमती ही कितपत संमती, हे आपणांस सांगायला नको. आणखी एक गोष्ट गाजावाजा न होता घडली. जुन्या कायद्यात एक जरी स्त्री खाणीत कामावर असली, तरी सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद होती. संहितेत पाळणाघराला पन्नासहून अधिक कामगारांची अट आहे. सुरुंग उडवणाऱ्या दगडखाणीत वीस-पंचवीस माणसे राबतात, तिथे तान्हे मूल कुठे ठेवायचे? धुळीत, आईच्या नजरेसमोर, हेच ना?

म्हणून आपल्या युनियन्सनी दोन मागण्या लावून धराव्यात: खाणींपुरती पन्नासची अट काढून पूर्वीची ‘एक स्त्री’ ही अट परत आणावी, आणि रात्रपाळी नाकारणाऱ्या स्त्रीला, ती ठेक्यावर असली तरी, कामावरून काढता येणार नाही, असे नियमांतच लिहावे.