पियानोवरून ऑर्गनकडे

पियानोवर ज्याचा हात बसला आहे, त्याला ऑर्गन सहज वाजविता येईल असा एक समज सर्वत्र आढळतो. तो सर्वस्वी खोटा नाही. दोन्ही वाद्यांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तशाच असतात, स्वरलिपीही तीच. परंतु चर्चमधील नळ्यांच्या ऑर्गनपुढे मुरलेला पियानोवादक प्रथम बसतो, तेव्हा नवे शिकण्यापेक्षा जुने विसरणेच त्याला अधिक जड जाते.

हा ऑर्गन म्हणजे संगीत नाटकाच्या साथीला वाजे ती आपल्या परिचयाची पायपेटी नव्हे. पायपेटीत धातूच्या पत्त्या हवेने कंप पावतात आणि वादकाचे पाय भाता चालविण्यात गुंतलेले असतात. नळ्यांच्या ऑर्गनचे भाते पूर्वी वेगळी माणसे चालवीत. आता ते काम बहुधा विजेचा पंखा करतो. वादकाचे पाय त्यामुळे मोकळे राहतात, आणि त्यांना स्वतंत्र सूर वाजवावे लागतात.

पियानोची पट्टी दाबली की नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर आदळते. आघात जितका जोराचा, तितका सूर मोठा. आणि उमटल्या क्षणापासून तो विरू लागतो. ऑर्गनची पट्टी दाबली की नळीखालची झडप उघडते आणि हवा आत शिरते. पट्टी कितीही जोराने दाबली तरी सूर मोठा होत नाही. बोट आहे तोवर तो तसाच भरलेला राहतो, आणि बोट उचलताच थांबतो. आपल्या पेटीवाल्याला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. पियानोवादकाला मात्र ती प्रयत्नाने अंगी बाणवावी लागते. त्याचे सारे लक्ष आजवर बोट पडण्याकडे असते; आता तितकेच लक्ष बोट उचलण्याकडे द्यावे लागते. एखादा सूर उठून दिसावा असे वाटले, तर त्याच्या आधी किंचित निःशब्दता ठेवावी लागते. जोराचे काम येथे काळाने करावयाचे असते.

दुसरी अडचण सूर जोडण्याची. पियानोच्या उजव्या पायदांडीने तारांवरील दाबक उचलले जातात आणि बोट सुटले तरी सूर रेंगाळतो. ऑर्गनला ती सोय नाही. सलग स्वरावली बोटांनीच सांधावी लागते. त्यासाठी दाबलेल्या पट्टीवरच एका बोटाच्या जागी हळूच दुसरे बोट आणतात, म्हणजे पहिले बोट पुढच्या सुराकडे जावयास मोकळे होते.

पायांचा अभ्यास तर अगदी मुळापासून. पायपट्ट्या आज सामान्यतः तीस किंवा बत्तीस असतात. त्या टाचेने व चवड्याने, शक्यतो खाली न पाहता, वाजवावयाच्या. डाव्या हाताला खर्जाचे सूर सांभाळण्याची जन्माची सवय. ते काम पायांकडे गेले की तो हात उगाच पायांच्या मागे धावू लागतो. शिवाय मोठ्या चर्चमध्ये नळ्या वादकापासून दूर असल्या, तर सूर कानी पडण्यास किंचित उशीर होतो. त्या सुराची वाट पाहत बसणाऱ्याची लय मंदावते. लय मनात धरून पुढे जाण्याचे धैर्य हवे.

सेझार फ्रांक यांचे उदाहरण या बाबतीत मननीय आहे. १८२२ मध्ये आजच्या बेल्जियममधील लिएज येथे जन्मलेल्या या मुलाला वडिलांनी पियानोचा बालकलावंत म्हणून पुढे आणले. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात १८३८ मध्ये पियानोवादनात त्याने सर्वोच्च मान मिळविला. ऑर्गनवादनात मात्र १८४१ मध्ये दुसरे पारितोषिक पदरी पडले. १८५८ मध्ये पॅरिसच्या सेंत-क्लोतिल्द चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा फ्रांक यांनी पस्तिशी गाठली होती. काव्हाये-कॉल यांनी बांधलेला तेथील ऑर्गन १८५९ मध्ये विधिपूर्वक सुरू झाला. त्याला हातांसाठी पट्ट्यांच्या तीन ओळी होत्या. लेमेन्स या बेल्जियन वादकाचे कौशल्य ऐकून फ्रांक यांना आपले वादन सुधारण्याची तळमळ लागली. त्यांनी सरावासाठी प्लेयेल कंपनीचा पायपट्ट्यांचा संच घरी आणला आणि नावाजलेला पियानोवादक पुन्हा विद्यार्थी झाला. १८६८ मध्ये त्यांच्या सहा ऑर्गनरचना प्रसिद्ध झाल्या, १८७२ मध्ये ते त्याच महाविद्यालयात ऑर्गनचे प्राध्यापक झाले, आणि १८९० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, त्यांनी ऑर्गनसाठी तीन कोराल लिहिले.

पियानोची तयारी त्यांना आड आली नाही. पण केवळ तिच्यावर विसंबूनही ते राहिले नाहीत. जाणत्या वादकाचा खरा कस येथेच लागतो. ज्याची बोटे अवघड रचना लीलया वाजवितात, त्याने एकच स्वरपंक्ती संथपणे, प्रत्येक सुराचा शेवट ऐकत वाजवावी. एकट्या पायांनी सोपे पाठ गिरवावेत. मग डावा हात व पाय मिळून वाजवावेत. या वेळी कौशल्याचा अभिमान दुखावतो खरा. परंतु सुराचा शेवट ऐकण्याची ही सवय एकदा जडली, की असा वादक पियानोकडे परततो तेव्हा तेथेही त्याचे वादन अधिक स्वच्छ होते.