मजुरी म्हणजे कोणती मजुरी?



शाळेच्या प्रवेशपत्रात पालकाच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. वीस वर्षांहून अधिक काळ तो मी भरीत आलो आहे आणि त्यात सर्वाधिक वेळा लिहिलेला शब्द 'मजुरी' हाच आहे. हा शब्द किती अपुरा आहे, हे धारला नोकरीस लागल्यावर लवकरच माझ्या प्रत्ययास आले. कुक्षीकडचा एक मुलगा वसतिगृहात राहत असे. त्याचे वडील क्षयाची औषधे नियमाने घेत होते, तरी दम वाढतच होता. वय अवघे पस्तिशीच्या आतबाहेर. वर्ष संपण्यापूर्वीच मुलाने शाळा सोडली. वडील कोणते काम करीत, हे मी त्याला कधीच विचारले नव्हते. रकाना भरलेला होता ना!

धार म्हटले की आपणा मराठी मंडळींस भोजराजा आणि पवारांचे राज्य आठवते. देवास म्हटले की थोरली पाती व धाकटी पाती. परंतु त्याच धार जिल्ह्यात, मांडवगडाचा डोंगर उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे गेले की भिल्ल-भिलाल्यांची गावे लागतात. पावसाने दगा दिला की तेथील तरुण स्त्रीपुरुष कामासाठी गुजरातेत जातात. या शतकाच्या आरंभी धार, झाबुआ व आलिराजपूर या भागांतील शेकडो माणसे गोध्रा आणि बालासिनोर येथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेली. काचेच्या व चिनी मातीच्या धंद्यास लागणारे पांढरे पीठ तेथे तयार होत असे.

पांढरी धूळ आम्हा शिक्षकांच्या अंगावरही रोज बसते. पण खडूच्या धुळीने घसा खवखवतो, ठसका लागतो, एवढेच. गारगोटीची धूळ सिलिकाची. तिचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांस दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. शरीरातील रक्षक पेशी ते गिळतात व स्वतःच मरतात. कण पुन्हा मोकळा होतो, पुन्हा दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत मऊ फुफ्फुसात गाठी धरतात आणि ते निबर होत जाते. यास सिलिकोसिस म्हणतात. एरवी यास दहा-वीस वर्षे लागतात. धूळ दाट असेल तर काही महिनेही पुरतात. काम सोडले तरी रोग थांबत नाही, आणि झालेला व्रण पुसणारे औषध नाही. क्ष-किरणांच्या चित्रात छाया क्षयासारखी दिसते. शिवाय अशा फुफ्फुसाला खरा क्षयही सहज जडतो. म्हणून कागदावर क्षय लिहिला जातो आणि धूळ लिहायची राहून जाते.

पुढे न्याय मागताना याच कोऱ्या कागदांशी गाठ पडली. हजेरीपटावर नाव नाही, पगाराची पावती नाही. कारखान्यात होतो हे सिद्ध कसे करावे? तरीही काही संघटनांनी गावोगाव याद्या केल्या. २०१० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत, आणि ३०४ आजारी माणसांचे पुनर्वसन मध्य प्रदेशाने करावे, असे सांगितले. गुजरातेने ती रक्कम द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश येईपर्यंत २०१६ साल उजाडले. दमेकऱ्याला सहा वर्षे म्हणजे किती, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

आणि गुजरातेकडे बोट दाखवून आपणांस मोकळे होता येणार नाही. आपल्याच माळव्यात, मंदसौरला, पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना हाच रोग झाला. त्यांच्या कल्याणनिधीसाठी मध्य प्रदेशात १९८२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मी ज्या पेन्सिलीने अक्षरे गिरविली ती कोणाच्या श्वासातून आली, हे मला शाळेत कोणी सांगितले नाही. मीही मुलांना फार उशिरा सांगितले.

उपाय अवघड आहेत असे नाही. दगडावर पाणी मारावे, यंत्र बंदिस्त करावे, धूळ उगमापाशीच ओढून घ्यावी. तोंडावर बांधलेल्या रुमालाने मात्र हे कण अडत नाहीत. मालकाने रुमाल वाटले म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारावे, असे त्याने वैद्यांना सांगितले. आता प्रवेशाच्या दिवशी मीही पालकांना विचारतो: मजुरी कोठे, कशाची, किती महिने, धूळ होती का? रकाना लहान पडतो. उरलेले मी समासात लिहितो. आणि ज्याला खोकला आहे त्याला तेच एका चिठ्ठीवर लिहून देतो, डॉक्टरांना दाखविण्यासाठी.