धुराडं राहिलं

आमच्या मुरुडकडे एखादा ‘मुंबईला असतो’ म्हटलं की पूर्वी दोनच अर्थ निघायचे. जहाजावर, नाहीतर गिरणीत. शेजारचे चाचा गिरणीत होते, साचेखात्यात. रेवसला लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि लोअर परळच्या भोंग्याला हजर व्हायचं, यात त्यांचं तारुण्य गेलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात चाचाही होते. ते पुन्हा आत गेले नाहीत.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या नातीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही मांडव्याहून रो-रोनं मुंबईला गेलो. नातीचा हट्ट फिनिक्सचाच. १९०५ साली सुरू झालेली ही कापडगिरणी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिथं बोलिंगचा खेळ आला, मग दुकानं, हॉटेलं, सिनेमागृहं. जुनं उंच धुराडं मात्र जपलं गेलं. चाचांची गिरणी दुसरी, त्याच भागातली. तिची वीटही उरलेली नाही. धुराड्याकडे बघत ते म्हणाले, “हे दिसलं की आम्ही पाय उचलायचो. भोंग्याला पाचच मिनिटं राहिलेली असायची.”

आम्हा कवींना धुराडं म्हणजे आयती प्रतिमा. मीही त्यावर दोन कविता पाडल्या आहेत. चाचांनी मात्र विचारलं, “साचे कुठं नेले रे?” भंगारात गेले असतील, मी म्हटलं. “आणि बदलीवाले?”

जुन्या इमारतीत दुकानं थाटायला माझा विरोध नाही. आमच्या किनाऱ्यावर बंद घराचं काय होतं ते मी पाहतो. एका पावसाळ्यात कौलं सरकतात, वासे कुजतात, भिंतीत पिंपळ रुजतो. वापरातली वास्तू टिकते. प्रश्न आहे वाटणीचा. १९९१ च्या नियमानं गिरणीची जमीन विकसित करताना साधारण तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीची नाही. गिरणी म्हणजे तर बहुतेक इमारतच! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हा बदल कायम ठेवला. शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला तो असा.

पुढे कामगारांसाठी सोडती निघाल्या. २०१६ ची सोडत २४१७ घरांची होती, आणि ती घरं परळला नव्हती, आमच्या रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळच्या कोनला होती. ज्यांनी गाव सोडून उभी हयात परळला काढली, त्यांना घर द्यायला पुन्हा खाडीच्या अलीकडे आणलं. चाचांनीही अर्ज भरला होता. हजेरीचं कार्ड, तिकीट नंबर, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. त्यांचा नंबर लागला नाही.

त्या दिवशी एका दुकानात चाचांनी पांढरा टॉवेल उचलला. दोन बोटांत चोळला, दिव्यासमोर धरला. नात घाई करत होती. “ताणा बरा आहे,” ते म्हणाले, “बाणा सैल पडलाय.” मग चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि घडी मोडू न देता तो होता तिथं ठेवून दिला.