वडिलांची गाडी

मंडळी, मला बोलण्याची सवय नाही, स्टिअरिंगची आहे. गेल्या वर्षी आपले बाप्पा ज्या ट्रकवरून राजघाटाला गेले, त्याची ही हकिगत.

गाडी वडिलांची, टाटा-मर्सिडीज. टेल्कोचा जर्मन कंपनीशी करार १९५४ ते १९६९ चालला. पुढे तीन टोकांचा तारा जाऊन ‘टी’ आला. आमच्या गाडीवर तारा आहे. असीरगडावरून इंदूरला तिने जन्मभर केळी वाहिली, मग वीस वर्षं लिंबाखाली उभी.

चौघे मित्र जमले. इंजिन जाम, म्हणून दुसऱ्या जुन्या टाटाचं बसवलं. लूमचे सुटे भाग करणाऱ्या मित्राने त्याचे माउंटिंग लेथवर घडवले. गाडी गल्लीत वळेना, तेव्हा चेसिस दोन फूट कापून जोडली, लाकडी हौदा मोडला. आईला विचारलं नाही. ती आठ दिवस बोलली नाही.

मग तिने हौद्याची एकच फळी मागितली. तिच्यावर वडिलांनी खिळ्याने फेऱ्यांच्या रेघा ओढल्या होत्या. मला माहीतच नव्हतं! फळी आता केबिनमध्ये आहे.

विसर्जनाला आई शेजारी बसली. म्हणाली, “हॉर्न कमी वाजव. ते वाजवत नसत.”